‘येतो’ या शब्दाबाबत दुरुस्ती

नाव प्रीता श्रीरंग ओगले, वय २४ वर्षे, धंदा शिक्षण, राहणार शॉमबर्ग, राज्य इलिनॉय.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, वडील श्रीरंग आणि वडिलांचे मोठे भाऊ त्र्यंबक काका, वय ६८, असे तिघे राहतो. काका राहतात म्हणावे की राहत होते, असे साहेबांनी विचारले. ‘राहतात’ असे लिहावे.

मला इंग्रजी येते. तरीही जबाब मराठीत देत आहे, कारण दुरुस्ती मराठी शब्दाची आहे. दुभाषी म्हणून आसावरी मावशी हजर आहेत. त्या माझ्या सख्ख्या मावशी नाहीत.

मी शाळेत उशिरा गेले. त्याआधी काकांनी मला घरीच शिकवले. भाषांतर शिकवताना ते म्हणत, “शब्द उचलू नकोस, अर्थ उचल.”

गेल्या महिन्यात काका आणि मी फ्रान्समधील बोर्दो शहरी गेलो. तेथे नदीकाठी पाचशे वर्षांपूर्वीचा तटबंदीचा दरवाजा आहे. तिकीट काढून आत जिना चढता येतो. काकांनी तरुणपणी सह्याद्रीतले बरेच किल्ले पाहिले आहेत, म्हणून तो दरवाजा बघायचे त्यांनी ठरवले होते. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दाराला खिळे असतात, ते कुठे आहेत, असे त्यांनी तिकीट देणाऱ्या बाईंना माझ्यामार्फत विचारले. इथे कधी हत्ती आला नाही, असे बाई म्हणाल्या. काका म्हणाले, “आला असता तर?” हे मी भाषांतरित केले नाही.

दरवाजावर ज्या राजाचा पुतळा आहे, तो पुढे दाराच्या चौकटीवर डोके आपटून मेला, असेही बाईंनी सांगितले. काका म्हणाले, “दारात वाकावं माणसानं.” त्यांची उंची पाच फूट तीन इंच आहे. त्यानंतर ते प्रत्येक कमानीखाली वाकले.

दुपारी आम्ही खाली आलो. काकांचा फोन आणि साखरेच्या गोळ्या माझ्या पिशवीत होत्या, त्या आत आहेत ना हे मी पाहत होते. काका कमानीखाली, माझ्याकडे पाठ करून उभे होते. ते “येतो” म्हणाले. मी वर न बघता “हं” म्हटले. वर पाहिले तेव्हा ते तेथे नव्हते. मला वाटले, हॉटेलवर निघाले. हॉटेलवर ते पोचले नाहीत. हॉटेलचे नाव त्यांच्या फोनमध्ये होते.

तेथील पोलिसांनी शेवटचे शब्द विचारले. आपल्यात जाताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. म्हणून मी अर्थ उचलला आणि “ते निरोप घेऊन गेले” असे सांगितले. त्यावरून ते स्वखुशीने निघून गेल्याची नोंद झाली आणि शोध थांबला.

वडिलांचे म्हणणे पडले की, “अगं, ‘आलोच’ म्हणाला असं सांग ना. कोण चेक करणार आहे?” ‘आलोच’ म्हणजे लगेच परत येतो. परंतु काका तसे म्हणाले नाहीत, म्हणून मी तसे सांगितले नाही. वडील त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरते बोलतात.

या ठिकाणी साहेबांनी विचारले, “म्हणजे तुमच्यात ‘आलो’ म्हणजे येईन, आणि ‘येतो’ म्हणजे जातो?” मावशी म्हणाल्या, “बरोबर.” साहेबांनी विचारले, “जाणाऱ्याला काय म्हणता?” मावशी म्हणाल्या, “या.” साहेबांनी विचारले, “मग ‘गेले’ कधी म्हणता?” मावशींनी मला याचे भाषांतर करून सांगितले नाही, साहेबांना ‘पुढचे लिहून घ्या’ म्हणाल्या.

दुरुस्ती अशी की, काल सकाळी घरात कोणी नसताना कुलूप लावताना माझ्या तोंडून “येते” असे गेले. कोणाला म्हटले, याचा विचार केला. ही सवय काकांची आहे. ते रिकाम्या घराला ‘येतो’ म्हणतात. देवळातून निघताना देवाला म्हणतात. किल्ला उतरताना शेवटच्या दरवाजाच्या दगडाला हात लावून म्हणतात, असे त्यांनीच मला सांगितले होते. त्या दुपारी त्यांचा उजवा हात कमानीच्या दगडावर होता. पिशवीत बघण्याआधी तो मी पाहिला होता, पण पूर्वीच्या जबाबात सांगितला नाही, कारण कोणी विचारले नाही.

तरी ते ‘येतो’ दरवाजाला होते. मला नव्हते. माझा निरोप त्यांनी घेतलेला नाही. जो माणूस परक्या गावच्या दगडाला सांगून निघतो, तो मला न सांगता जाणार नाही. ते गेलेले नसून वाट चुकले आहेत. ही दुरुस्ती बोर्दोच्या पोलिसांना कळवून शोध पुन्हा सुरू करावा, ही विनंती.

जबाब मावशींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. सही केल्यावर उठताना मी साहेबांना “येते” म्हणाले, तेही लिहून घ्यावे. ते त्यांनाच म्हटले आहे आणि त्याचा अर्थ, मी उद्या पुन्हा येणार आहे.