आधी खिसे दाखवा

ट्रायल रूमची रांग काही केल्या हलत नव्हती. रांगेतल्या एका नर्सबाईंच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या हातात कपड्यांचा ढीग होता.

"आई, हा श्रग. वरून घालायचा."

"थंडी अडते याने?"

"नाही गं, नुसता शोभेला."

"म्हणजे पडदाच की. आणि हे काय?"

"जंपसूट. वरचं-खालचं एकत्र."

"बाथरूमला जायचं तर सगळंच उतरवायचं? शिवणाऱ्याच्या डोक्यात काय भुसा भरलाय?"

"बरं, हा ट्यूनिक बघ, कुर्त्यासारखाच. याला खिसेही आहेत."

"कुठले? हात आत जात नाही. वरून नुसती पट्टी शिवलीय."

"फॅशन असते ती. खिसा फुगला की कपडा बेढब दिसतो."

"दिसू दे. मला खिसाच हवाय."

"सकाळपासून काय खिसा खिसा लावलंयस? एवढी छान पर्स दिलीय ना तुला?"

"फोन त्या पर्समध्येच होता. गेल्या आठवड्यात पर्स खुंटीवर, आणि मी रात्रभर बाथरूममध्ये पडलेली. सकाळी कामवाली आली, तेव्हा तिने उठवलं."

नर्सबाईंनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. लेकीने तो सगळा ढीग दुकानातल्या मुलीच्या हातात दिला.

"ताई, हे परत न्या. आधी खिसे दाखवा, कपडे मग बघू."