सरांचा हुरडा

शेवगावच्या स्टँडवर नगरची गाडी लागायची होती. मांडीवरच्या बाळाचं अंग गरम तर नाही ना, हे मी परत परत हात लावून बघत होते. मागच्या बाकावर पीएचडी करणारं एक जोडपं बसलं होतं.

“दिशा, रविवारी गाईड सर आपल्या शेतावर हुरड्याला येतायत. सगळं डिपार्टमेंट घेऊन.”

“अमृत, सोमवारी माझा सेमिनार आहे. तोही सरांसमोरच.”

“सोमवारी ना? मग रविवार मोकळाच आहे की.”

“एवढ्या माणसांचं कोण बघणार?”

“आगटी पेटवणं, कणसं भाजणं आई बघेल. तू फक्त चटण्या कर. शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची. आणि भरीत. सरांना आवडतं.”

“आणि तू?”

“मी सरांना माझं तिसरं प्रकरण दाखवणार. शेतकरी स्त्रियांचे अदृश्य श्रम.”

“ते टाईप मी केलंय.”

“म्हणून तर छान झालंय!”

“मला तयारी करायचीय. सरांना तसं सांग.”

“सांगतो की. मी कधी तुझ्या आड आलोय?”

त्याने तिथूनच फोन लावला.

“हो सर... नाही सर... बरोबर आहे सर.”

फोन ठेवताना तो खुशीत होता.

“बघ, किती समजून घेतात! म्हणाले, हुरडा थांबत नाही, दाणे निबर होतात. तुझा सेमिनार पुढच्या महिन्यात घेऊ.”

“पुढच्या महिन्यात?”

“तुझ्यासाठीच गं! आता निवांत चटण्या कर.”

गाडी लागली. तिने लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवली.

“परत फोन लाव. म्हणावं, चटण्याही पुढच्या महिन्यात.”