रिकामं पोतं

ताई : अरे धाकट्या, पण या पोत्यात काहीच नाही!

धाकटा : म्हणून तर तुझ्या हातात दिलंय. खाली ठेव. आता पुन्हा उचल.

ताई : अंगणभर पानं पडलीत आणि मी इथे हवा उचलत बसू?

धाकटा : बघ, वाकलीस. कंबरेतून वाकलीस. गुडघे कशाला आहेत?

ताई : दुखायला.

धाकटा : गुडघे आधी मोडायचे. पोतं पोटाशी घ्यायचं, लेकरू घेतो तसं. मग उठायचं, सावकाश. आणि वळताना पाय वळवायचे, कंबर नाही.

ताई : रविवारी मुलगा येतोय, सांगितलं ना तुला?

धाकटा : चारदा.

ताई : मग पाचव्यांदा ऐक. गेल्या पानगळीत मी वीस दिवस आडवी होते. तेव्हाच तो म्हणाला, आई, पुन्हा एकदा कंबर धरली की हे घर विकायचं आणि सहाव्या मजल्यावर आमच्याकडे राहायचं. लेक गुणाचा आहे रे, पण तिथे झाड म्हणजे कुंडी. रविवारी त्याला अंगण झाडलेलं दिसायला हवं, आणि मी सरळ उभी दिसायला हवी.

धाकटा : मी झाडतो सगळं. तू पायरीवर बस.

ताई : तू मंगळवारी जाशील. पानं काय तुला विचारून गळणार आहेत?

धाकटा : मग उचल पोतं.

शेजारीण : (कुंपणापलीकडून) काय हो, आज अंगणात कवायत चाललीय वाटतं! हे तुमचे बंधू ना? बंदरात मोठ्या हुद्द्यावर होते ते?

ताई : हो... म्हणजे, बंदरातच होता.

शेजारीण : बोलण्यातून कळतंच. आमच्या ह्यांनाही अशा कवायतीची गरज आहे हो. काल बादली उचलताना पाठीत चमक भरली, तेव्हापासून माणूस तिरका चालतोय. अगं बाई, दूध ठेवलंय गॅसवर. आलेच!

धाकटा : मोठा हुद्दा.

ताई : मी नाही तसं म्हटलं. बंदरात होता, एवढंच सांगितलं होतं. हुद्दा तिनेच दिला.

धाकटा : आणि तू राहू दिलास.

ताई : रागावलास?

धाकटा : छे गं. तुझ्या लग्नात मला बंद गळ्याचा शर्ट घालायला लावलास, मानेवरचा घट्टा दिसू नये म्हणून. तेव्हाही नव्हतो रागावलो. उकडलं मात्र फार.

ताई : अजून आठवतं तुला?

धाकटा : मानेला आठवतं. चल, दाताळं घे. अंगणाला दोन फेऱ्या मारून ये आधी, अंग गरम होऊ दे.

ताई : झाल्या की. आता?

धाकटा : हात लांब करून ओढू नकोस, पानांजवळ जा. एक पाय पुढे, एक मागे, आणि झोका घेतल्यासारखी झुल. असं. दहा वेळा ओढलंस की हात बदल. कुणी मागे लागलेलं नाही.

ताई : आवाज ऐक ना रे पानांचा. जरा वेळ ऐकलं की कुठे आहोत ते विसरायला होतं.

धाकटा : फळीवर तसंच व्हायचं. जहाजातून फळीवर उतरायचं, खाली पाणी हलतंय, पाठीवर पोतं. अजून स्वप्नात येतं. पण स्वप्नात पोत्याला वजन नसतं, आणि फळी संपतच नाही. मी नुसता चालत असतो.

ताई : भीती वाटते?

धाकटा : बरं वाटतं. जाग आली की पाठ मोकळी लागते, तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं होतं.

ताई : मी आडवी होते ना, तेव्हा खिडकीतून एकच फांदी दिसायची. पान सुटलं की मीही त्याच्यासोबत खाली यायची. जमिनीला टेकायच्या आत डोळा लागायचा. वाटायचं, सगळी पानं या घरावर पडावीत, खिडकीच्या वर, छपराच्या वर, आणि मी आत मऊ अंधारात. कुणी शोधूसुद्धा नये.

धाकटा : आणि आता?

ताई : आता शोधावं. पण उभी असताना.

धाकटा : हात बदल.

ताई : बदलते. हे सगळं तुला कुणी रे शिकवलं?

धाकटा : म्हाताऱ्या मुकादमाने. आठ दिवस मला रिकामं पोतं वाहायला लावलं, सगळं बंदर हसायचं. म्हणायचा, आधी चाल बसू दे, ओझं कुठे पळून जात नाही. माझ्याबरोबर लागलेल्या तिघांनी पहिल्याच दिवशी भरलेलं उचललं. तिशीच्या आत तिघांच्या कंबरा गेल्या.

ताई : कधी बोलला नाहीस.

धाकटा : मी बंदराचं नाव काढलं की तू चहा ठेवायला उठायचीस.

ताई : ...भरू का आता हे पोतं?

धाकटा : अर्धंच. ओली पानं फसवतात. उरलेली जुन्या चादरीवर ओढून नेऊ.

शेजारीण : (बऱ्याच वेळाने, पुन्हा कुंपणापलीकडून) अहो, झालं पण सगळं? आणि तुम्ही चक्क ताठ उभ्या! मागच्या वर्षी दोघांनी धरून आत नेलं होतं तुम्हाला. कुठला डॉक्टर हो? ह्यांना दाखवते.

ताई : डॉक्टर नाही. माझ्या भावाने शिकवलं.

शेजारीण : साहेबांनी?

ताई : साहेब नाही तो. हमाल होता. बंदरावर चाळीस वर्षं पोती वाहिली त्याने, आणि एक दिवसही कंबर धरून बसला नाही. मी ते कुणाला सांगत नव्हते, त्याची आता मला लाज वाटते. तुमच्या ह्यांना घेऊन या तुम्ही. आधी रिकामं पोतं हातात देईल. हसायचं नाही म्हणावं.

शेजारीण : नाही हो, हसतील कशाला? आत्ता आणते.

ताई : असा काय बघतोस रे धाकट्या? घे की हे पोतं माझ्या हातातलं. इकडे ये, हे बघ, देते—

धाकटा : पाय वळव, ताई. कंबर नको.