ब्याऐंशी मार्कांचा कागद

गिरिजाबाई : म्हंजे पहिल्या खेपेचा मार्कांचा कागद धाडला तर पुणं, आन् दुसऱ्या खेपेचा धाडला तर सोलापूर. असंच ना, बसू?

बसवराज : तसंच, आत्या. पुण्याच्या कॉलेजात सायन्सला गणित बघतात. पहिल्यांदा मॅट्रिकला बसलो तेव्हा गणितात ब्याऐंशी होते, पण इंग्रजीनं मारलं. थर्ड क्लास आला. दुसऱ्यांदा बसलो तर सेकंड क्लास मिळाला, पण गणित बावन्नवर आलं. सोलापूरवाले नुसता क्लास बघतात.

गिरिजाबाई : वरीसभर इंग्रजी घोकत बसलास. तोकडं पांघरूण डोस्क्यावर वढलं की पाय उघडं पडणारच. पर कागद तर हैद्राबादचा. पुणंवाले धरतील व्हय?

बसवराज : आता आपण सगळे एकाच मुंबई राज्यात. धरतात. पण पंचाक्षरी गुरुजी म्हणाले, एकच जोड. दोन्ही जोडले तर दोन्हींतलं वाईट तेवढं त्यांना दिसेल.

गिरिजाबाई : मग एक पुण्याला धाड, एक सोलापूरला.

बसवराज : नको. दोन्हीकडं नाव लागलं तर मी सोलापूरच धरीन. मला ठाऊक आहे.

गिरिजाबाई : का रं?

बसवराज : सोलापूरहून शनिवारी एस्टीनं भूमला येता येतं. पुण्याहून दिवाळीलाच. तू एकटी काय करशील इथं?

गिरिजाबाई : म्या काय तान्ही हाय?

बसवराज : मागं मी गुरुजींबरोबर धाराशिवला गेलो, तेव्हा तू चूल पेटवली नव्हतीस. हमिदामावशीनं सांगितलं मला.

गिरिजाबाई : तिला काय उद्योग न्हाय. एकटीसाठी कुठं धूर करत बसायचं.

बसवराज : मी तरी दुसरं काय म्हणतोय?

गिरिजाबाई : लई बोलू नगंस. म्या सोमवारी सोनारीला गेलते, ते कशाला? भैरोबाला कौल लावायला. देवाला दोन फुलं लावली. उजवं पडलं तर पुणं, डावं पडलं तर सोलापूर.

बसवराज : आणि मला आज सांगतेस? मॅट्रिक झालेल्यानं आता फुलावर कॉलेज निवडायचं?

गिरिजाबाई : निकालाच्या दिवशी नारळ घिऊन कोण पळालं व्हतं? मॅट्रिकवालाच ना?

बसवराज : बरं. कोणतं पडलं?

गिरिजाबाई : उजवं.

बसवराज : खरंच?

गिरिजाबाई : देवाच्या नावानं कुणी खोटं बोलतं का? ऊठ. पोस्ट बंद व्हायच्या आत जा.

बसवराज : माझ्याकडं बघून सांग, आत्या.

गिरिजाबाई : तुझ्याकडं बघून सांगितलं तर देव बदलंल व्हय? जा म्हटलं ना.

(बसवराज पाकीट घेऊन जातो. थोड्या वेळानं शेजारच्या हमिदाबी आत येतात.)

हमिदाबी : आक्का, बसू तसाच अनवाणी पोस्टाकडं पळाला. कोणचा कागद गेला?

गिरिजाबाई : पुण्याचा.

हमिदाबी : लई घट्ट काळजाच्या तुमी.

गिरिजाबाई : कौल तसा आला म्हणून सांगितलं त्याला.

हमिदाबी : सांगितलं? मंग तसा आला न्हाय?

गिरिजाबाई : तिथं जाऊन हात जोडले, आन् तोंडातून पुणं निघंना का सोलापूर निघंना. बसूवाचून मला एकटीला निभंल का, एवढंच विचारलं. निभत असंल तर उजवं दे म्हटलं.

हमिदाबी : आन्?

गिरिजाबाई : डावं पडलं. लई वेळ बी लावला न्हाय देवानं.

हमिदाबी : या अल्ला. तरी धाडलं तुमी पोराला?

गिरिजाबाई : सवाल माझा व्हता, जबाब बी माझाच. त्याची झळ पोराच्या गणिताला कशाला?

हमिदाबी : भ्या वाटत न्हाय?

गिरिजाबाई : वाटतंय तर. त्याची आय गेली तवा एवढासा आणला ह्या घरात. तवापास्नं घरात आवाज म्हंजे त्याचाच. रोज संध्याकाळी पाढं म्हणायचा. मला येक आकडा कळायचा न्हाय, पर त्यो थांबला की म्या उठून बघायची.

हमिदाबी : आमचे दीर, जावा, पोरंसोरं, समदे हैद्राबादला गेले. पहिली ईद आली तवा सवयीनं मोठ्या पातेल्यात शीरखुर्मा केला म्या. खाणारी दोघंच. पहिलं साल जड जातं, आक्का. मंग बी जातंच, पर तवा आपुन कुणाला सांगत न्हाय.

गिरिजाबाई : व्हय.

हमिदाबी : माझ्या घरचं खायाला तुमाला चालत न्हाय, ठावं हाय. दिवेलागणीला म्याच येत जाईन. नुसती बसंन. आजपास्नंच येऊ का?

गिरिजाबाई : आज नगं. आज त्यो हाय. त्यो गेला की ये. मग रोज ये.