वलंदेजी धीर

—बास बास हवालदार, थोडीच ओता, मी पिणाऱ्यातला न्हाई. मागल्या साली, बेचाळीसला, ह्याच कडेगावात दारूच्या दुकानापुढं आडवा झोपलेला माणूस हाय मी. गिऱ्हाइकानं मला ओलांडून आत जायचं—आणि पयला पाय कुणी टाकला असंल? सख्ख्या चुलत्यानं. केरबातात्या, सुभेदार पेन्शनर. छातीवर बिल्ले लावून ओलांडला मला. तर आज घेतोय ती कामापुरती. भरतीचा साहेब चावडीत जेवतोय तवर ह्या झाडाखाली बस म्हणला तुमी, बसलो. त्याचं जेवण झालं की आत जायचं आणि त्याच्याच भाषेत दोन वाक्यं टाकायची—त्या लॉरीत कडंला बसलाय तो जोतिबा माझा धाकटा भाऊ हाय. त्याला आत्ता शिमग्याला पंधरा पुरी झाली, कागदावर लिवलीत ती एकोणीस न्हवं, खाली उतरवा त्याला. संपलं. दोन वाक्यांना बाटली कशाला म्हणता? बाटली तुमीच काढली की. मी नुसता हात पुढं केला.

ह्याला इंग्रजीत नाव हाय, ठावं हाय का? डच करेज. डच म्हंजे वलंदेज, आपल्या बखरीत येत्यात बघा—इंग्रज, फिरंगी, वलंदेज—त्यांचा धीर. वलंदेजी धीर. म्हंजे काय? म्हंजे बाटलीतनं आलेला धीर. चढला की आपला, उतरला की कुणाचाच न्हाई. सांगलीला कॉलेजात आमचे प्रोफेसर सांगायचे, हे कुठनं आलं यावर दोन मतं हायत. एक म्हणतं, इंग्रज आणि वलंदेज दर्यावर एकमेकांच्या उरावर बसले होते, तवा इंग्रजांनी बोंब उठवली—हे कसले लढत्यात, ह्यांना आधी पाजावी लागती. दुसरं मत—आणि मला हेच पटतं—इंग्रजाचाच शिपाई वलंदेजाच्या मुलखात लढायला गेला, थंडीनं काकडला, तिथली जिन म्हणून दारू असती ती ढोसली आणि दोन घोटांत शूर झाला. आता बघा. पिला कोण? इंग्रज. झिंगला कोण? इंग्रज. आणि नाव कुणाचं लागलं? वलंदेजाचं. ही जात अशी हाय. आणि आज त्या वलंदेजाचा मुलूख जर्मनानं गिळलाय, तर सोडवायला कोण निघालाय? आमचा जोत्या. हॉलंड कशाशी खात्यात ते त्याला ठावं न्हाई.

हसू नगा. तात्याबी असाच हसतो. त्याला सनद पायजे, हवालदार. गावातनं इतके गडी दिले म्हणून सरकारी शिक्क्याची सनद, काच लावून सोप्यात टांगायला. सगळ्या घरातनं गोळा केले, मग लोक म्हणायला लागले—सुभेदार, तुमच्या घरचा कोण? झालं. पयल्या लढाईत हा बसऱ्याला खेचरांना चारा घालत होता. पण सांगायला बसला की वाटावं, तुर्क एकट्या ह्यानंच हाकलला. जोत्याला मिशी फुटावी म्हणून महिनाभर त्याच्या कोऱ्या ओठावर रोज वस्तरा फिरवला थेरड्यानं. छाती मापताना दम कसा कोंडायचा ते गोठ्यात शिकवलं, दावं गुंडाळून. आणि आमचे तीर्थरूप, नाथाजीराव—थोरल्या भावापुढं मान वर करायची न्हाई हाच ह्यांचा धर्म—ते दाव्याचं दुसरं टोक धरून उभे. आपल्या पोराच्या छातीला दावं, आणि टोक बापाच्या हातात. आई चुलीपुढं होती. तिची एक भाकर करपली, तेवढंच तिचं मत. जोत्याला काय? त्याला बूट मिळणार. परवापासनं वाळूत टाचा रोवून चालून बघतोय, बुटाचा ठसा कसा उठंल म्हणून.

ओता. तुमी घेत न्हाई? ड्यूटी, व्हय. बरं हाय तुमचं, मला पाजायची ड्यूटी.

काय म्हणला? तात्यानं आधी दुसरंच नाव दिलं होतं? तुमाला कोण बोललं? तोच बोलला असंल. व्हय, दिलं होतं—माझं. इंग्रजी येतं, सहा महिन्यांत हवालदार-कारकून हुशील, सावलीत बसून पगार. मी साफ न्हाई म्हणलो. आपलं तत्त्व हाय, ह्या राजाचं मीठ खायचं न्हाई. कॉलेज काय उगाच सोडलं? ऑगस्टात मोर्चा निघाला, मी पयल्या रांगेत—दुसऱ्या म्हणा—झेंडा माझ्या शेजारच्याच्या हातात. लाठी चालली. मी पळालो न्हाई हां, मागं सरलो. गर्दीला जागा नको का? सरत सरत स्टेशनापतोर गेलो, तिथं गाडी उभीच होती. नंतर कळलं, शेजारच्याचं डोकं फुटलं. एकाच बाकावर बसायचो आमी. आता त्या बाकावर परत जाऊन कसं बसणार माणूस—म्हंजे, तत्त्वाचा प्रश्न हो. गुलामी शिक्षण. सोडलं.

आणि मी न्हाई म्हणलो तवा तात्या काय म्हणला सांगू? थोरला न्हाई तर धाकटा, घर तेच. जेवताना, माझ्या पुढ्यात. सगळी माझ्याकडं बघायला लागली. आई, बाप, जोत्याबी. आणि मी काय केलं? मी ताक मागितलं.

जेवण लय लांबलं साहेबाचं. कोंबडी खातोय का घोडा?

आं? परत बोला. साहेबाकडं जायचीच गरज न्हाई? डोकी तेवढी भरली पायजेत—तू चढ, त्याला उतरवतो? इतकं सोपं हाय? मग आधी बोलायचं न्हाई का, मी हितं घसा कोरडा—चढतो की. भितो काय? उठतोच. पायाला जरा मुंग्या आल्यात. पण असं एकदम कसं हो, घरी सांगायला नको? आणि माझे डोळे अधू हायत हवालदार, लांबचं दिसत न्हाई, तपासा पायजे तर. ती लॉरी? ती दिसती. जोत्याबी दिसतो. हात करतोय बघा लेकाचा, त्याला वाटतंय मी पोचवायला आलोय.

द्या ती हिकडं. एक घोट, मग चढलोच म्हणून समजा. मोकळी झाली? दुसरी काढा, तात्याच्या फडताळात हाय, माझं नाव सांगा. तुमी का उठला? बसा की, लढाई काय संध्याकाळपतोर संपत न्हाई. आवं हवालदार. येतो म्हणलं ना मी, न्हाई कुठं म्हणलो? फक्त जरा—इंजिन कुणी चालू केलं ते? थांबवा. माझी वाक्यं तयार हायत, पाठ हायत—

जोत्या. ए जोत्या. टोपी घाल डोक्यावर, ऊन लय हाय.