पहिला नारळ कोणाचा?

…आणि वर मलाच म्हणतात, "मास्तरानू, तुमी आमचा गाऱ्हाणा बिघडवलात." मी बिघडवले? तुम्हाला सांगतो, कट्टा गावाजवळच्या त्या खेड्यात मी पोहोचण्यापूर्वीच देवापुढची ती सामुदायिक विनवणी दुभंगलेली होती; गाऱ्हाणे घालणारे वडील वारल्यावर थोरला बाबली आणि धाकटा लवू या भावांनी आपापले गाऱ्हाणे चालवले, जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी दोघेही एकदमच देवापुढे उभे राहिले, आणि आता एक पाठ ठरला नाही तर जत्राच दोन होणार होत्या. मी लोकवाङ्मयाचा अभ्यासक. पाठ जुळवणे हेच माझे काम, आणि माझी पद्धत चुकीची नव्हती!

पद्धत ती काय? आधी मूळ पाठ घ्यावा; तो त्यांच्या आत्याला, नर्मदाबाईंना, तोंडपाठ. मग दोघांची प्रत्येक ओळ मुळाशी ताडावी. बाबलीने 'गोंयाक कामाक गेलेल्यांक सुखरूप घराक आण' हे वाढवले, लवूने त्या जागेला हात लावलेला नाही, राहू द्या. लवूने 'नव्या जिल्ह्याचा भला कर' घातले, बाबली तिथे गप्प. तेही राहू द्या. भांडण कुठे? जिथे दोघांनी एकच ओळ बदलली तिथे. मुळात 'घराण्याचो नारळ पयलो', म्हणजे देवापुढे पहिला नारळ ठेवण्याचा मान घराण्याचा. बाबली म्हणतो थोरल्याचो, लवू म्हणतो धाकट्याचो. अशा जागी अभ्यासकाने स्वतः निवाडा करू नये, माणसांना विचारावे. म्हणून मी गाव देवळात जमवला, उभा राहिलो आणि खणखणीत वाचले, "थोरल्याचो नारळ पयलो…"

साऱ्या गावाने हात जोडले. "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला गाव हेच म्हणते, हे मी आयुष्यभर शिकवले, आणि नेमके तिथेच विसरलो! दुसरी ओळ वाचली, "धाकट्याचो नारळ पयलो…" "व्हय म्हाराजा!" म्हटले, अहो, दोन्ही पहिले कसे असतील? "व्हय म्हाराजा!" पण पद्धत चुकीची नव्हती.

मग मीही हट्टाला पेटलो. दोन्ही ओळी काढल्या, मूळ ओळ परत बसवली. "घराण्याचो नारळ पयलो." देऊळ चिडीचूप… लवू म्हणतो, "घराण्याचो म्हणजे माझोच ना?" बाबली म्हणतो, "तुझो? तू खंयचा रे घराणा?" आणि नर्मदाबाई खांबाला टेकून, "मेल्यांनू, तुमचो बापूस होतो तेव्हा घर एकच होता."

जत्रा दोन झाल्या. गाऱ्हाणी मात्र तीन आहेत, तिसरे माझे. तंतोतंत जुळवलेले, पद्धतशीर, निर्दोष… फक्त त्याला 'व्हय' म्हणणारे गाव तेवढे मिळत नाही.