मी टेस्टिंग का घेतलं

आमचं गाव चाकणच्या पल्याड, भामा नदीच्या अंगाला. तिथलीच मी, सारिका, तीन पिढ्या कांदा-बटाटा पिकवनाऱ्या घरातली. कंपन्या आल्या तशी रानं गेली, आन् आप्पा, म्हंजे माझे वडील, ज्या रानात मोट हाकायचे त्याच रानावर उभ्या ऱ्हायलेल्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. मीबी बारावीनंतर बाहेरून बीए करत करत एका कंपनीत लागले, गाडीच्या आतल्या वायरींचे जुडगे बांधायचं काम, सगळी शिफ्ट उभ्यानं. पाय भरून यायचे, पन काय सांगू तुमाला ताई, मला ते आवडायचं. लाईनवरच्या आमी पोरी डबे वाटून खायचो, हसायचो, कुनाला भ्यायचो न्हाई.

मंग स्थळ सांगून आलं, चऱ्होलीचं. मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअर इंजिनीअर, नव्या सोसायटीत फ्लॅट, आई रिटायर शिक्षिका. माझी मावशी काळेवाडीला असती, साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान हाय तिचं, ती तवाच म्हनली हुती, एवढी शिकलेली मानसं आपल्या दारात कशाला येतील? आप्पा म्हनले, त्यांना घरवळनाची पोरगी पाहिजे. घरवळनाची म्हंजे काय ते मला मागनं कळलं. म्हंजे उलटून न बोलनारी. त्याचं नाव मी तुमाला सांगनार न्हाई. आधी लाजून घेत नव्हते, आता तोंड इटाळायला नको म्हनून घेत न्हाई.

लगीन झालं, माझी नोकरी सुटली. तो घरूनच काम करायचा. आतल्या खोलीत लॅपटॉप, कानाला हेडफोन, आन् जेवाय बसला की सुरू, आज परत त्या टेस्टिंगवालीनं माझं काम परत पाठवलं, तिला दुसऱ्याच्या चुका काढायचाच पगार मिळतो. रोज ह्येच. पोळीचा तुकडा हातात तसाच ऱ्हायचा त्याच्या, इतका राग. मी एकदा इचारलं, टेस्टिंग म्हंजे काय हो? तर म्हनला, तू वाढ.

आन् मंग तो दिवस. इडलीला चटणी करायची हुती, त्याच्याचसाठी, मिक्सर लावायला जागा नव्हती म्हनून मी एक प्लग काढला, तर तो नेटचा निघाला. त्याची ऑफिसची मीटिंग तुटली. तो ओरडत भायेर आला, प्लग लावला, मिक्सरचं भांडं सिंकमदी आपटलं, आन् परत आत जाऊन मीटिंगला बसला. दार उघडंच, हेडफोन टेबलावर, आवाज मोकळा. म्हनला, सॉरी हं, आमच्या मिसेसनी नेट काढून मिक्सर लावला, वायरींच्या कंपनीतनं आणलीय, पण कुठली वायर कशाची ते कळत नाही. आन् ते हसले, ताई. त्या लॅपटॉपमदनं चार-पाच मानसं एकदम हसली. मी दारात हुते, हाताला चटणी. मला कोन हसलं त्याचं तोंडबी दिसलं न्हाई.

तवापासनं त्याला माझं सगळंच टोचाय लागलं. माझं बोलनं, माझं साडी नेसनं, मित्रांच्या बायकांसमोर माझं गप्प बसनं. शेवटी एका रविवारी मला गावाला आनून सोडली. आप्पांसमोर खुर्चीवर बसून म्हनला, तुमच्या मुलीत वाईट काही नाही, पण मला बरोबरीची हवी होती. सासूबाई शेजारी बसून मान हलवत हुत्या. आप्पा गेटवरच्या युनिफॉर्मवरच हुते, त्यांनी हात जोडले. मी आतनं बघितलं. त्याच्या बोलन्याचं सोडा, आप्पांनी जोडलेले ते हात मला आजबी दिसतात.

मी रडले न्हाई. मावशीकडं काळेवाडीला गेले आन् म्हनलं, मला कॉम्प्युटर शिकायचाय. मावशी म्हनली, कशाला? मी म्हनलं, त्याच्या उरावर बसायला. तिनं मशीन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आन् म्हनली, मंग बस.

पिंपरीला एक क्लास हुता. तिथले सर लातूरकडचे, वयस्कर, शांत मानूस. त्यांनी समजावून सांगितलं की आयटी म्हंजे एक रस्ता न्हाई, कुनी वेबसाईट बनवतं, कुनी डेटाचं बघतं, कुनी नेटवर्क सांभाळतं, कुनी दुसऱ्यानं बनवलेलं चालतंय का न्हाई ते तपासतं, त्याला टेस्टिंग म्हनतात. तुला काय आवडतंय? मी इचारलं, सॉफ्टवेअर बनवनाऱ्याला सगळ्यात जास्त राग कुनाचा येतो? ते हसले, म्हनले, टेस्टिंगवाल्याचा. मी म्हनलं, मंग मला तेच द्या. त्यांना वाटलं चेष्टा करतीय. मंग मी सगळं सांगितलं. ते म्हनले, हे बघ बाई, रागानं मानूस घरातनं निघतंय, पर जायचं कुठं ते राग सांगत नसतोय. सगळं थोडं थोडं करून बघ, हाताला काय बसतंय ते बघ, नोकऱ्या कशात निघतात ते बघ, अन् मग ठरव. मी म्हनलं, माझं ठरलंय.

सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू. इंग्रजी वाचताना डोकं गरगरायचं. शेजारी इंजिनिअरिंग झालेली पोरं, मी इचारायला हात वर केला की एकमेकांकडं बघायची. दुकानात मावशीच्या शेजारी बसून सराव करायची, कंटाळा आला की त्याचं तोंड डोळ्यासमोर आनायची, परत बोटं चालायला लागायची. दुसऱ्या बायका देवाचं नाव घेतात, मी मनातल्या मनात त्याचं घ्यायची.

मुलाखतीत लोक पाडतच हुते. एकानं इचारलं, मधली वर्षं रिकामी का? मी म्हनलं, संसार करत हुते. तो म्हनला, तो अनुभव धरता येत नाही. शेवटी चिंचवडला एका छोट्या कंपनीत लागले, कारखान्यांच्या हजेरीचं ॲप बनवायचे ते लोक. सरांना पेढे द्यायला गेले, तर पेढा उचलायच्या आधी म्हनले, अजून त्याच्यासाठीच करतीस का? मी म्हनलं, व्हय. त्यांनी पेढा खाल्ला, आन् दुसऱ्या पोरांच्या कॉम्प्युटरकडं वळले.

आन् मंग तो आला. सासूबाईंना घेऊन, मावशीच्या दुकानात. कुनीतरी बरोबरीची मिळाली हुती, तिच्या घरचे म्हनत हुते, आधी कायदेशीर मोकळा हो. तो म्हनला, घटस्फोटाच्या कागदावर राजीखुशीनं सही दे, लवकर सुटेल, नाहीतर कोर्टात वर्षं जातील. मी म्हनलं, देते की. पन आधी त्या दिवशी जे हसले त्यांना लॅपटॉपवर बोलव, आन् त्यांच्यासमोर माझी आन् माझ्या बापाची माफी माग. तो म्हनला, तू वेडी आहेस का? सासूबाई म्हनल्या, अगं त्याची इज्जत जाईल. मी म्हनलं, मला म्हाईत हाय ती कशी जाती.

तो निघून गेला. मी वाट बघितली. त्याचे निरोप आले, वकिलाचा फोन आला, आप्पासुद्धा म्हनले, पोरी, सोड. न्हाई सोडलं. त्याचा साखरपुडा लांबला, परत लांबला. खरं सांगू? त्या महिन्यांत मला जेवन गोड लागायचं.

शेवटी आला. दुकानातच बसला, मी आप्पांना शेजारी बसवलं, चांगला सदरा घालून. लॅपटॉपवर त्याच्या जुन्या ऑफिसातली मानसं आली. त्यानं इंग्रजीत सुरू केलं, मी म्हनलं, मराठीत. मंग बोलला. त्या दिवशी मी हिची टिंगल केली, तिची चूक नव्हती, तिच्या वडिलांसमोरही नको ते बोललो, मी माफी मागतो. मान वर केली न्हाई. आप्पा छताच्या पंख्याकडं बघत ऱ्हायले.

तिकडनं एक जन म्हनला, कुठला दिवस रे? दुसरा म्हनला, मला आठवत नाही बुवा. ती टेस्टिंगवाली बाईबी हुती, नावापुढं टेस्टिंग लिहिलेलं, चष्म्यातली, थकलेली दिसत हुती बिचारी. म्हनली, हसले असेन मी, आठवत नाही, पण सॉरी. मंग इचारलं, तुम्ही काय करता? मी म्हनलं, टेस्टिंग. ती म्हनली, अरे वा, कुणाकडे शिकलात? मी म्हनलं, तुमच्याकडंच, ह्याच्या शिव्यांतनं.

मी सही दिली, पुढं कोर्टातबी जाऊन सांगितलं. पन ताई, वाटलं हुतं पोट भरंल, तसं झालं न्हाई. मी ज्यांच्या हसन्यावर एवढी वर्षं चालले, त्यांना ते ध्यानातबी नव्हतं. ह्या इसरन्याचा मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला, आजबी येतो.

आता दुसऱ्या, जरा मोठ्या कंपनीत हाय, वाकडला. काम आवडतं का इचारता? आवडतं. कवा आवडाय लागलं ते कळलं न्हाई, सरांना पन अजून सांगितलं न्हाई. गावाकडच्या पोरी येतात, इचारतात, ताई, आमी काय घेऊ, कोडिंग का डेटा का टेस्टिंग? मी त्यांना सरांचंच सांगते, सगळं करून बघा, हाताला बसंल ते घ्या, नोकऱ्या कशात निघतात ते बघा. आन् एखादी रागानं धुमसत आलेली असली तर तिला चहा पाजते आन् म्हनते, तू पन सरांच्या क्लासला जा, उद्यापास्नं.

त्याला मुलगी झाली असं ऐकलं. पोर सुखात ऱ्हावं, तिचा काय दोष. त्याच्याबद्दल देवाला एवढंच सांगते, वाईट करू नको त्याचं, पन भलं करनार असशील तर माझ्या कानावर घालू नको.